बिनफोडणीचं पिठलं

आमच्या खानावळीला दोन मेनू आहेत. एक दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेला, दुसरा ॲपवर. फळ्यावरचा खरा अन् ॲपवरची नुसती रंगरंगोटी, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कोणाला असं वाटायला नको की ही बाई तोलूनमापून बोलणारी आहे.

फळ्याचं काम सोपं. सकाळी बाजारात जे चांगलं मिळालं ते लिहायचं. वांगी ताजी निघाली तर वांग्याची भाजी, नाही तर पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. संपलं की जाता-येता तळहातानं पुसून टाकायचं. आमची खानावळ यवतमाळात दारव्हा रोडला. सोयाबीन विकायला आलेला माणूस दारात उभा राहून वाचतो, "वांगे संपले काय वं?" म्हणतो, मी "संपले" म्हणते, तो रस्सा सांगतो अन् हात धुवायला जातो. रस्सा पुन्हा मागितला तर पुन्हा वाढायचा, त्याचा वेगळा दर नाही. ज्यांना घरी डबा न्यायचा असतो ते फोन करतात. नंबर फळ्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या रंगानं रंगवलेला आहे. यात न समजण्यासारखं काय आहे?

ॲपचं काम म्हणजे रुसलेल्या जावयाची बडदास्त. त्याला सगळं वेगळं लागतं. दर वेगळे, कारण कंपनीचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. नावं वेगळी, कारण वांग्याच्या भाजीला वांग्याची भाजी म्हटलं तर म्हणे शहरातली पोरं मागवत नाहीत. म्हणून ती झाली "विदर्भ स्पेशल रोस्टेड एगप्लांट". वांग्याला कळलं असतं तर ते देठासकट लाजलं असतं. पातोडी डब्यात रस्सा पिऊन पिऊन फुगते अन् पोचेपर्यंत तिचा लगदा होतो, म्हणून तिथं पातोडी वेगळ्या डबीत. ज्वारीची भाकर अर्ध्या तासात चामडं होते, म्हणून तिथं पोळी. अन् भाजी संपली तर फळ्यासारखा हात फिरवून चालत नाही. काउंटरवर कंपनीचा टॅब ठेवलेला आहे, त्यात घुसून, चार ठिकाणी बोट दाबून, वांगं बंद करावं लागतं. तोवर आणखी तिघांनी वांगं मागवलेलं असतं.

एकदा एक बाबू आमच्याच बाकावर येऊन बसला. समोर फळा. त्यानं फळ्याकडं पाहिलंही नाही. मोबाइलवर आमचंच जेवण ॲपवरून मागवलं, कारण त्याला कसलंसं कूपन आलं होतं. पिशवीवाला पोऱ्या स्कूटर लावून आत आला, काउंटरवरचं पाकीट उचललं अन् चार पावलांवर बसलेल्या त्या महाशयांच्या हातात दिलं. महाशयांनी डबे उघडले, खाल्लं, अन् वर मला म्हणतात, "ताई, थोडा रस्सा वाढा ना." मी म्हटलं, "ॲपवर मागवा." बह्याडाला त्यातला टोमणाही समजला नाही, खरंच मोबाइल काढून शोधत बसला.

हे सगळं मी सोसलं असतं. हसून हसून सोसलं असतं. पण आमच्याकडं एक पदार्थ असा होता, जो फळ्यावरही नव्हता. त्याची ही गोष्ट आहे.

माझी सासू लग्न होऊन बोरी अरबहून इथं आली. सासरे इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. भाड्याची एक खोली, ओळखीपाळखी शून्य. माझा नवरा रांगता होता तेव्हा सासरे अचानक गेले. आपल्याकडं ज्या घरातून प्रेत निघतं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले जेवण घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. बेसन पाण्यात शिजवलेलं, त्याला फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. सोबत भाकर. आणणारा माणूस समोर बसतो, घरच्यांनी एक तरी घास खाल्ला की उठतो. सासूच्या दारात त्या दिवशी कोणी आलं नाही. कोणाचा दोष नव्हता, कोणी ओळखतच नव्हतं. पोरगं भुकेनं रडत होतं, डब्यात पीठ होतं, अन् ही बाई चुलीकडं पाहत बसून होती, कारण पेटवायची नाही. ती सांगते, "नवरा गेला त्याच्यापरीस त्या दिवशीची भूक मले जास्त लागली. कोनी आलं नाही, ते लागलं."

पुढं तिनं खानावळ काढली अन् पहिल्या दिवसापासून एक नेम धरला. आसपास कोणाकडंही कोणी गेलं, ओळखीचं असो नसो, कडू घास आमच्याकडून जाणार. सासू स्वतः पातेलं घेऊन जाणार अन् पैसे घेणार नाही. ते पिठलं ती कोणालाच विकत नसे. एकदा आमच्या रोजच्या गिऱ्हाइकानं पोट बिघडलं म्हणून फिक्कं पिठलं मागितलं, तर तिनं त्याला मऊ भात करून दिला पण पिठलं दिलं नाही. म्हणाली, "ते जित्या मानसाच्या भुकेचं नाही, बाप्पा." त्याच्यासाठी फोन आला तर आम्ही एकच गोष्ट विचारायची, "कोन गेलं?" मग घरात किती माणसं आहेत तेवढं विचारायचं अन् पातेलं चढवायचं. बस. आमच्या खानावळीची अब्रू म्हणा, सासूच्या जन्माची कमाई म्हणा, जे काय होतं ते एवढंच होतं. बाकी भाज्या तर कोणीही करतं.

अशा घरात एके दिवशी ॲपवाला आला.

अंगात कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, तोंडात साखर. मूळचा कुठला तरी तिकडचा, नाशिक-नगरकडचा, इथं यवतमाळात नोकरीवर धाडलेला. मला मॅडम म्हणायचा. मला जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं, अन् त्यानं म्हटल्यावर मला कळलं की ज्याला आपल्याशी काही बोलायचं नसतं, नुसतं आपल्याकडून काही काढायचं असतं, तो मॅडम म्हणतो. माझा नवरा मात्र विरघळला. नवऱ्याला टी-शर्टवर छापलेलं काहीही दिसलं की तो सरकारी हुकूम वाटतो.

तो फोटो काढायला आला त्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत एक म्हातारबाबा गेले होते. सासू त्यांच्याकरता पातेलं उतरवत होती. ॲपवाल्यानं वांग्याचा फोटो काढला, रश्श्याचा काढला, मग त्या पांढुरक्या पातेल्यापुढं मोबाइल धरला. मला विचारलं, "मॅडम, यात तेल किती?"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तेल नाही. फोडणीच नाही त्याले."

"तिखट?"

"नाही."

"हळद?"

"नाही म्हटलं ना."

तो "वा!" म्हणाला. कशाला वा म्हणतो, मला समजलं नाही. इथला कोणताही लहान पोरगा बिनफोडणीचं पिठलं पाहिलं की आवाज बारीक करतो अन् हे कोणाकडं जाऊन राह्यलं म्हणून विचारतो. यानं तेल विचारलं, तिखट विचारलं, हळद विचारली. कोणाकरता, एवढं तेवढं विचारलं नाही.

जाताना तो नवऱ्याला आणखी एक अक्कल देऊन गेला. फळ्यावरचा नंबर पुसून टाका म्हणे. लोकांनी थेट फोन केला तर ॲपवर कशाला येतील? डायरेक्टची सवय मोडली पाहिजे. नवरा लगेच रंगाचा ब्रश शोधायला लागला. मी म्हटलं, "नंबराले हात लावून त पाहा." मग त्याला ब्रश सापडला नाही.

काही दिवसांनी टॅब वाजला. मी पाहिलं तर ऑर्डरीत लिहिलेलं, "झिरो ऑइल पिठलं बाऊल". खाली बारीक अक्षरात, "पोटाला हलकं, मनाला शांत". मला आधी समजेना. मग फोटो उघडला. तेच पातेलं. अन् फोटोच्या कडेला सासूचा हात आलेला, मनगटावरच्या गोंदणासकट, झाकण उचलताना.

मी नवऱ्याला हाक मारली. हाक कसली, बोंब मारली.

"अवो, हे काय करून ठेवलं? लाज हाये का काही? कडू घास इकून राह्यले तुम्ही!"

तो पाहून दचकला, हे मी कबूल करते. त्याचा चेहरा उतरला. लगेच ॲपवाल्याला फोन लावला. पण तिकडून साखर इतकी सांडली की फोन ठेवेपर्यंत नवऱ्याचा चेहरा पुन्हा वर आला. "तो म्हनते, चांगलं चालन ते. आता काढलं त बाकीचे पदार्थ बी खाली जातात म्हने. महिनाभर राहू दे ना. आईले कोन सांगते? तिले कुठं टॅब पाहता येते?"

खरं होतं. सासूचे गुडघे गेलेले. ती सकाळी येऊन रश्श्याला फोडणी द्यायची अन् मागच्या घरात जाऊन पडायची. ॲपच्या ऑर्डरी येत संध्याकाळी. मी नवऱ्याला म्हटलं, "या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत काढा. नाही काढलं त सोमवारी मी तुमच्या आईले सांगतो. अन् मी त्याले हात लावत नाही. इकाचं असन त तुम्ही शिजवा." तो शिजवायचा. गुठळ्या व्हायच्या. तरी लोक पाच-पाच तारे द्यायचे.

कोण लोक? आर्णी रोडच्या नव्या कॉलन्यांमधले. ज्यांचे बाप महागावला, उमरखेडला बेसन-भाकर खाऊन मोठे झाले अन् ज्यांना आता बेसन डबीत, काट्याचमच्यासकट पाहिजे. जिमला जाणारे, वजन मोजणारे. एकीनं लिहिलं होतं, "खाल्ल्यावर एकदम वेगळीच शांतता वाटते." वाटंल नाही तर काय! हजार वर्षांपासून ते त्याच्याकरताच शिजत आलं आहे. एकानं लिहिलं, "जरा लिंबू दिलं असतं तर बरं." मी त्या टॅबला शिव्या देत होते अन् त्या रविवारची वाट पाहत होते.

तो रविवार यायच्या आधी शुक्रवार आला.

सकाळी दूधवाल्यानं सासूला सांगितलं की नव्या कॉलनीत एका बँकेच्या साहेबाची आई गेली. सासू म्हणाली, "चाल वं, पातेलं चढव." मी पिठलं केलं, माझ्या हातानं, गुठळी न होऊ देता. दुपारी, माती उरकल्यावर, ऑटोत बसून आम्ही दोघी गेलो. पातेलं सासूच्या मांडीवर, फडक्यात बांधलेलं.

मोठं घर. चपलांचा ढीग. दारात साहेबांची बायको आली, डोळे सुजलेले. सासूनं पातेलं पुढं केलं. ती गोंधळली. म्हणाली, "आज आम्ही काही ऑर्डर केलं नाही हो."

"ऑर्डर कायची, बाई? चूल नाही पेटवत ना आज. दोन घास खाऊन घ्या."

तिनं झाकण उचललं अन् म्हणाली, "अगं बाई, हे तर आमचं डाएटचं पिठलं."

मी मधे पडायला गेले, पण तोवर साहेब बाहेर आले. भला माणूस. हात जोडले, आभार मानले अन् खिशातून मोबाइल काढला. "स्कॅनर आणलाय का? नाही तर नंबर सांगा, त्याच्यावर पाठवतो."

सासू हसली. तिला वाटलं, परक्या रीतीचे लोक आहेत, समजावून सांगावं. "पैसे नाही लागत, साहेब. हे आमी इकत नाही."

"विकत कसं नाही? आठवड्यातून दोनदा मागवतो आम्ही." अन् त्यांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. काही वाईट हेतू नव्हता. दाखवलं फक्त.

सासूला वाचता येत नाही, पण स्वतःचा हात कोणाला ओळखू येत नाही? तिनं त्या फोटोतलं गोंदण पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं अन् माझी मान खाली गेली, तेवढ्यात ती सगळं समजली.

साहेब बोलतच होते. दुःखात माणूस बोलत सुटतो. म्हणाले, "आईला मात्र हे कधी चाललं नाही. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं म्हणून आम्ही तिलाही हेच द्यायचो. ती ताट सरकवायची. दर वेळी विचारायची, कोण गेलं? कोण गेलं? शेवटी शेवटी भ्रम झाला होता तिला."

मी पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत. आमच्या बाकावर रोज बसतात. पण त्या दारात मला पहिल्यांदा कळेना, रडावं की या सगळ्या कॉलनीला झाडूनं झोडपावं. त्या घरात एकच माणूस शहाणं होतं अन् त्यालाच हे आत्ता पोचवून आले होते. आठवड्यातून दोनदा तिच्यापुढं मयताचं जेवण ठेवलं जात होतं, ती बिचारी सुतक कोणाचं म्हणून विचारत होती, अन् हे शिकलेले लोक एकमेकांकडं पाहून मान हलवत होते.

सासू खाली बसली नाही. पहिला घास होईपर्यंत थांबली नाही. पातेलं उंबऱ्यावर ठेवलं अन् वळली.

घरी आल्यावर तिनं माझ्या नवऱ्याला समोर बोलावलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्याला ओरडा खायची सवय आहे. ती म्हणाली, "मी मेल्यावर तुह्या दारात लोक काय आनतीन रे? पातेलं कायले आनतीन? तुह्याच दुकानातून मागवतीन अन् तुलेच धाडतीन."

नवरा पाय धरायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"मले आता पातेलं घेऊन जाता येत नाही कोनाकडं," ती म्हणाली. "पातेलं दिसलं का लोक खिशात हात घालतीन. झालं. सरलं ते." अन् ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

मी तेव्हाच्या तेव्हा टॅब ओढला. पिठाच्या बोटानं तो पदार्थ काढला. तर ते यंत्र मला कारण विचारतं. माल संपला, हंगाम संपला, दर बदलायचा, फोटो बदलायचा. यातलं एक निवडा. मी नवऱ्याला विचारलं, "यात लाज वाटली असं कुठं हाये?" मी माल संपला निवडलं.

दुसऱ्या दिवशी ॲपवाला धावत आला. मॅडम, तुमचं रेटिंग पडेल. मॅडम, असं अचानक करायचं नसतं. मी झारा हातात घेऊनच बाहेर गेले. त्याला ते पिठलं काय असतं ते सांगितलं, साध्या भाषेत, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "आमच्याकडेही देतात हो, पण आमच्याकडे ते असं नसतं. मला कसं कळणार?"

"इचारलं असतं त कळलं असतं," मी म्हटलं. "तेल इचारता येते अन् मानूस इचारता येत नाही?" तो पिशवी सावरत गेला. मला फार बरं वाटलं. दोन घटका वाटलं.

सासू मात्र उठली नाही. म्हणजे उठायची, रश्श्याला फोडणी द्यायची, पण गल्लीत कोणी गेलं तरी पातेलं मागत नव्हती. मी म्हटलं, मी जातो. ती म्हणे, जा. मी गेले. पण तिच्यासारखं समोर बसणं मला जमेना, अन् एका घरी खरंच एकानं विचारलं, ॲपवरचंच आहे का हे? खोटं कसं बोलू? मी पातेलं ठेवून परत आले.

इकडं कॉलनीवाल्यांचे फोन सुरू झाले. ॲपवर दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी कुठून तरी आमचा नंबर शोधला.

"ते झिरो ऑइलवालं पिठलं आहे का?"

मी विचारायची, "कोन गेलं?"

"काय?"

"तुमच्या घरी कोन गेलं?"

"कोणी नाही! काय बोलताय?"

"मंग आधी कोनी जाऊ द्या. मंग फोन करा, धाडतो. फुकट."

लोक फटकन फोन आपटायचे. एकीनं मला अडाणी म्हटलं. मी म्हटलं, "हाव, बाई, अडानीच हाये, म्हनून त मेल्यावरचं अन् जित्याचं वेगळं शिजवतो." खोटं कशाला बोलू, मला या फोनांची वाट पाहायची सवयच लागली होती. सासू आत पडून ऐकायची. हसायची नाही.

मग एका दुपारी फोन वाजला. गिऱ्हाईक पांगलं होतं, सासू स्वयंपाकघरात बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. तिकडून पुरुषाचा आवाज, "ते... बिनफोडणीचं पिठलं मिळेल का?"

मी हात पुसले. मजा येणार होती. ठसक्यात विचारलं, "कोन गेलं?"

आता आपटतो फोन, म्हणून मी थांबले.

"माझे बाबा," आवाज म्हणाला. "सकाळी. मॅडम, मी... ॲपवाला."

मी कमरेवरचा हात खाली घेतला.

तो तुटक तुटक बोलत होता. आईबापाला त्यानं नुकतंच गावाहून इथं आणलं होतं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नातेवाईक उद्या पोचणार होते. सगळं उरकून घरी आले तर शेजारची सगळी दारं बंद. इथं आम्हाला कोणी ओळखत नाही, म्हणाला. आई नुसती गॅसकडं बघत बसली आहे. मग म्हणाला, "मी आधी ॲपवर पाहिलं. तुम्ही ते काढलंय. मग आठवलं, फळ्यावर नंबर होता, त्याचा फोटो होता माझ्याकडे. मी पैसे..."

"पैशाचं नाव काढलं त फोन ठेवून देईन," मी म्हटलं. "पत्ता सांग."

फोन ठेवून वळले तर सासू माझ्याकडंच पाहत होती.

"कोन गेलं?" तिनं विचारलं. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा विचारलं.

"त्या फोटो काढनाऱ्या पोट्ट्याचा बाप. भाड्याच्या घरात हायेत. कोनी आलं नाही म्हने."

मला वाटलं, ती तोंड फिरवेल. फिरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. मी असते तर फिरवलं असतं. तिनं सांबाराची जुडी खाली ठेवली, ओट्याला धरून उठली अन् बेसनाचा डबा ओढला. म्हणाली, "अन् घरात किती जन हायेत ते नाही इचारलं? काय शिकवलं म्या तुले इतके वर्स?"

पिठलं तिनंच केलं. पातेलं तिनंच मांडीवर घेतलं. तिथं दार त्या पोरानं उघडलं, कंपनीचा टी-शर्टच अंगात होता, अंघोळीनंतर हाताला आला तो घातलेला असेल. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. आतून त्याची आई आली, पातेलं पाहिलं अन् दोन्ही हातांनी ते धरलं. तिनं काही विचारलं नाही. तिला विचारायची गरजच नव्हती. खिशाकडं गेलेला पोराचा हात तसाच खाली आला.

सासू त्यांच्या समोर फरशीवर बसली, दुखरे गुडघे लांब करून. पोरानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. मग तसाच थांबला. घास पुढंही जाईना अन् मागंही येईना. मला तेव्हा कळलं की यानं ते आज पहिल्यांदा खाल्लं. पाच ताऱ्यांचं, पोटाला हलकं, मनाला शांत असं लिहून त्यानं ते गावभर विकलं, पण चाखलं कधीच नव्हतं.

"काहीच लागत नाही हो," तो म्हणाला अन् त्याला रडू फुटलं.

"गिळ, बाप्पा," सासू म्हणाली. "हे गोड लागाले नसतेच केलं."

त्यानं गिळलं. मग सासू उठली.